जुन्या जेटबोटीचा ताप

1977 साली एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी गंगासागरापासून हिमालयाच्या दिशेने, गंगेच्या प्रवाहाविरुद्ध, एक मोहीम नेली. मोहिमेत तीन बोटी होत्या. ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’ ही त्यांची नावे. शिडे नाहीत, वल्ही नाहीत, पाण्याखाली फिरणारा उघडा पंखा नाही आणि सुकाणूही नाही, अशा या बोटी पाण्याचा फवारा मागे टाकीत काशीच्या घाटांवरून पुढे गेल्या, हरिद्वार आणि हृषीकेश ओलांडून डोंगरातील खळाळात शिरल्या. अखेर नंदप्रयागाजवळ एका धबधब्याने त्यांची वाट अडवली आणि मंडळींनी पुढचा मार्ग पायी धरला. नदीच्या मुखापासून हिमालयाच्या कुशीपर्यंत यंत्राच्या बळावर चढून जाणाऱ्या या नौकेलाच जेटबोट म्हणतात.

या नौकेचे मूळ न्यूझीलंडच्या दक्षिण बेटात आहे. तेथील नद्या हिमनद्यांतून निघतात आणि गोट्यांच्या रुंद पात्रातून अनेक धारांनी वाहतात. एखादी धार पुरुषभर खोल, तर शेजारची घोट्यापुरती. साध्या मोटारबोटीचा पंखा अशा पाण्यात पहिल्याच दगडावर आपटून मोडतो. मॅकेंझी प्रदेशातील ‘आयरिशमन क्रीक’ या मेंढपाळीच्या मळ्याचे मालक विल्यम हॅमिल्टन हे जातिवंत यंत्रज्ञ होते. या नद्यांवरून हिंडता येईल अशी बोट त्यांना हवी होती. 1954 च्या सुमारास त्यांनी बोटीच्या तळातून पाणी आत ओढून ते मागच्या बाजूने जोराने बाहेर फेकणारे यंत्र बसवले. फेकलेली धार पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर सोडली, तेव्हा बोटीची गती एकदम वाढली. 1960 साली त्यांच्या बोटी अमेरिकेतील कोलोराडो नदीच्या प्रचंड घळईतून प्रवाहाविरुद्ध चढल्या. 1968 साली हिलरींनी नेपाळातील सूनकोसी नदीवर त्या नेल्या. गंगेच्या मोहिमेत तर हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन स्वतः बोट चालवीत होते.

त्या काळातील आणि त्यानंतरच्या वीसएक वर्षांतील कितीतरी जेटबोटी न्यूझीलंडमध्ये व अमेरिकेत हौसेने जपलेल्या आढळतात. त्यांची अंगे अजून धडधाकट असतात. परंतु त्यांना एक जुनाट दुखणे वारंवार जडते. इंजिन तापते. हे दुखणे वरवर क्षुल्लक वाटते, कारण मोटारगाडीचे इंजिन तापले तर ती रस्त्याच्या कडेला उभी करता येते. जेटबोटीची गोष्ट तशी नाही. तिला वळवणारी शक्ती तिच्या मागून निघणारी पाण्याची धारच होय. चालक चाक फिरवतो तेव्हा त्या धारेचे तोंड डावी-उजवीकडे वळते आणि बोट वळते. धार थांबली की गती गेली आणि दिशाही गेली. खळाळाच्या मध्यावर इंजिन बंद पडले, तर बोट प्रवाहात पडलेल्या ओंडक्यासारखी होते. म्हणून तापमापकाचा काटा हा जेटबोटीत शोभेचा नसतो. आत बसलेल्या माणसांचा जीव त्याच्याशी बांधलेला असतो.

इंजिन तापते म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यापैकी ढोबळमानाने एक तृतीयांश फिरणाऱ्या दांड्यावर कामी येते. दुसरा तृतीयांश जळक्या वायूबरोबर बाहेर जातो, आणि उरलेला तृतीयांश सिलिंडरांभोवती खेळवलेल्या पाण्याने वाहून न्यावा लागतो. मोटारगाडीत हे पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने थंड होते आणि परत येते. बोटीला रेडिएटरची गरज नसते, कारण ती थंड पाण्याच्या अखंड साठ्यावरच तरंगत असते. जुन्या जेटबोटीत ही सोय फार साधी केलेली असते. धार फेकणाऱ्या पंपाच्या कवचाला एक लहान छिद्र पाडून तेथून रबरी नळी काढलेली असते. पंपाच्या दाबाने थोडे पाणी त्या नळीतून एका गाळणीकडे जाते, तेथून इंजिनात शिरते, सिलिंडरांभोवती आणि धुराड्याच्या दुहेरी भिंतींमधून फिरते, आणि शेवटी जळक्या वायूत मिसळून त्याच्यासह नदीत परत पडते. याला थेट पद्धत म्हणतात. दुसऱ्या, म्हणजे अप्रत्यक्ष, पद्धतीत इंजिनाच्या आत स्वच्छ पाणी बंदिस्त फिरते आणि नदीचे पाणी फक्त एका नळकांड्यांच्या पेटीतून जाऊन त्या स्वच्छ पाण्याची उष्णता काढून घेते. पहिली पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत, दुसरी खर्चाची पण इंजिनाला सुखाची.

थेट पद्धतीत एक अंगभूत विषमता आहे, आणि ती ध्यानात आली म्हणजे अर्धे निदान आपोआप सुटते. फिरत्या चक्राच्या पंपाचा दाब त्याच्या फेऱ्यांच्या प्रमाणात वाढत नाही. तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पूर्ण वेगात मिनिटाला 4000 फेरे होत असतील आणि संथ चालीत 800, तर फेरे पाचपट कमी झाले, परंतु दाब पंचवीसपट कमी झाला. म्हणून धक्क्याजवळ बोट हळूहळू चालत असताना थंड पाणी आत ढकलणारा जोर अगदी क्षीण असतो, आणि भर वेगात तोच जोर इतका वाढतो की त्याला आवर घालण्यासाठी नळीवर एक झडप ठेवावी लागते. इंजिनाला दोन्ही टोकांना पुरेसे पाणी मिळावे, कमी नको आणि जास्तही नको, अशी ही तारेवरची कसरत असते. नवी बोट ती सहज करते. जुन्या बोटीचे अवयव झिजलेले असतात, नळ्यांत गंज व वाळू साठलेली असते, आणि तोल ढळतो.

आता एक कल्पित बोट डोळ्यांसमोर आणावी. ती 1970 च्या सुमाराची आहे, तिच्यात आठ सिलिंडरांचे मोटारीचे इंजिन बसवले आहे आणि ती थेट पद्धतीने थंड होते. तिच्या मालकाने ती नुकतीच विकत घेतली आहे. धक्क्यावरून निघताना काटा चढू लागतो, वेग घेतला की उतरतो, आणि अर्ध्या तासाने परत येताना तो धोक्याच्या खुणेपर्यंत पोचतो. मालक प्रथम थर्मोस्टॅट बदलतो. फरक पडत नाही. मग तो मापक बदलतो, मग गाळणी, मग एक महागडा पंप. खिशातील पैसे जातात आणि ताप मात्र राहतो. त्याच्या मेहनतीत कमतरता नाही. चूक क्रमात आहे. वैद्याने नाडी न पाहता कपाटातील सर्व बाटल्यांतून एकेक मात्रा देऊन पाहावी, तसा हा प्रकार झाला. ताप हा रोग नव्हे. ते रोगाचे लक्षण आहे, आणि लक्षण कोणत्या वेळी दिसते हे सर्वांत आधी विचारले पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की काटा खरे बोलतो का? बहुतेक जुन्या विद्युत मापकांत इंजिनात बसवलेल्या एका लहान बोंडापासून एकच तार मापकाकडे जाते. ही तार तुटली तर काटा तळाशी बसतो, आणि तिचे आवरण झिजून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकली तर काटा थेट टोकाला जातो. किल्ली फिरवताक्षणी, इंजिन अजून गार असताना, काटा वर उडाला तर दोष तारेत आहे, पाण्यात नव्हे. दिवे लावल्यावर काटा हलला तर विद्युत जोडणी सैल किंवा गंजलेली आहे. हातात धरून दुरून तापमान मोजणारे साधे यंत्र आज सहज मिळते. ते थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून आकडा पाहिला की संशय फिटतो. परंतु येथे एक फसवी जागा आहे. ते बोंड पाण्यात बुडालेले असले तरच नीट मोजते. इंजिनातील पाणी संपून त्याच्याभोवती नुसती हवा राहिली, तर इंजिन आतून भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा एकाएकी उतरला म्हणून समाधान मानू नये. त्याच क्षणी मागे वळून पाणी बाहेर पडते आहे की नाही, हे पाहावे.

म्हणूनच अनुभवी चालक मापकाइतकाच बाहेर पडणाऱ्या पाण्यावर विश्वास ठेवतात. निकासाच्या तोंडातून येणारे पाणी भरपूर आणि कोमट असेल तर प्रकृती ठीक. पाणी थोडे आणि कढत असेल, त्याबरोबर वाफ असेल, तर आत येणारे पाणी अपुरे आहे. पाणी भरपूर व गार असूनही इंजिन तापत असेल, तर पाणी उष्णतेपर्यंत पोचत नाही. ते कुठेतरी आडवाटेने निघून जात आहे. पाणी मुळीच येत नसेल तर थांबण्याची वेळ आलेली आहे, कारण धुराड्यापुढची रबरी नळी या पाण्यानेच गार राहते. पाण्यावाचून ती जळते. पेट्रोलच्या वाफा साठलेल्या बंद कप्प्यात जळणारे रबर म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. आणि नळी जळून गेलेल्या छिद्रातून नदी आत शिरू शकते, ती गोष्ट वेगळीच.

दुसरा प्रश्न असा, की ताप केव्हा चढतो? संथ चालीत चढतो आणि वेग घेताच उतरतो, असे असेल तर आत येणाऱ्या मार्गात अर्धवट अडथळा आहे, किंवा पंपच दुबळा झाला आहे. वेगाचा पंचवीसपट दाब अडथळ्यातूनही पाणी रेटतो, संथ चालीचा क्षीण दाब रेटू शकत नाही. पंपाचे चक्र आणि त्याभोवतीचे कडे यांमधील फट वाळूने झिजून मोठी झाली असेल, तर पाणी पुढे जाण्याऐवजी त्या फटीतून मागे सरकते. अशा बोटीचा ताप हे एकच लक्षण नसते. तिचे इंजिन पूर्वीइतकेच फिरते, पण ती पूर्वीइतकी पळत नाही.

उलट, संथ चालीत सर्व ठीक आणि भर वेगात ताप, असे असेल तर संशयाची दिशा बदलते. तेव्हा पाण्याचा मार्ग कुठेतरी इतका अरुंद झालेला असतो की वाढत्या उष्णतेला तो पुरत नाही, किंवा उष्णताच प्रमाणाबाहेर निर्माण होत असते. ठिणगी उशिरा पडत असेल, कार्ब्युरेटर पेट्रोल कमी आणि हवा जास्त देत असेल, तर पाणी भरपूर असूनही इंजिन तापते. सिलिंडरावरचे गॅस्केट फुटले असेल तर जळणारा वायू पाण्याच्या मार्गात शिरतो. बंदिस्त पद्धतीच्या बोटीत तो टाकीत बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब मोजून पाहिला आणि दोन्हीकडे तो सारखाच पडलेला आढळला, तर त्यांच्या मधल्या भिंतीवरचे गॅस्केट गेले असा अंदाज बांधता येतो.

उथळ पाण्यातून, वाळूवरून किंवा शेवाळातून गेल्यावर एकाएकी ताप चढला, तर फार खोलात जाण्याचे कारण नाही. जेटबोट तळातून पाणी ओढते, आणि पाण्याबरोबर जे असेल तेही ओढते. तळाच्या जाळीत गोटा अडकला किंवा गवताचा पुंजका गुंडाळला गेला, की पंपाला पाण्याऐवजी फेस मिळतो. तेव्हा इंजिन एकदम हलके होऊन किंचाळू लागते, बोटीचा वेग मात्र मंदावतो. ही खूण मिळाली की प्रवाहाबाहेर शांत पाण्यात येऊन, इंजिन बंद करूनच, जाळी मोकळी करावी. फिरते चक्र असताना त्या तोंडाजवळ हात नेणे म्हणजे हात गमावणे होय. जाळी स्वच्छ निघाली तर गाळणी उघडावी. गंगेसारख्या गाळ वाहणाऱ्या नदीत किंवा हिमनदीच्या पिठासारख्या बारीक वाळूने दुधाळ झालेल्या न्यूझीलंडच्या नद्यांत ती किती लवकर भरते, याची कल्पना घरच्या पिण्याच्या पाण्याच्या गाळणीवरून येणार नाही.

तिसरा प्रश्न असा, की ताप कोठे चढतो? आठ सिलिंडरांच्या इंजिनात चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी तिरप्या बसवलेल्या असतात आणि पाणी दोन्हीकडे वाटले जाते. तापमान दुरून मोजणारे यंत्र दोन्ही बाजूंवर फिरवले आणि एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम आढळली, तर थर्मोस्टॅट, मापक, पंप यांना निर्दोष ठरवता येते, कारण ते दोन्ही बाजूंना समान आहेत. दोष त्या एका बाजूच्या वाटेवर असतो. जुन्या इंजिनात वाळू आणि गंज सिलिंडरांच्या तळाशी, विशेषतः मागच्या कोपऱ्यात, चिखलासारखे साचून बसतात. तेथे पाणी काढून टाकण्याचे बूच असते. ते काढल्यावर पाणी वाहिले नाही, तर पाणी नाही असे समजू नये. गाळाने तोंड बंद झाले आहे असे समजावे, तारेने टोचून ते उघडावे आणि गाळ निघेपर्यंत पाणी सोडीत राहावे.

थर्मोस्टॅटची परीक्षा तर स्वयंपाकघरातही घेता येते. ही मेणाच्या गुणधर्मावर चालणारी छोटी झडप आहे. इंजिन गार असते तेव्हा ती मिटलेली राहते, ठरलेल्या उष्णतेला आतील मेण वितळून फुगते आणि ती उघडते. तिला दोऱ्याने बांधून पातेल्यातील पाण्यात, तळाला टेकणार नाही अशी, टांगावी आणि पाणी तापवीत शेजारी तापमापक धरावा. झडपेवर छापलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडली तर ती चांगली आहे. उकळी फुटली तरी मिटलेलीच राहिली तर ती गेली. तापाला वैतागून कित्येक मालक ही झडप काढूनच टाकतात. त्याने दुसरे दुखणे सुरू होते. भर वेगात थंडगार नदीचे पाणी इंजिनात अनावर शिरते आणि इंजिन कधी पुरेसे गरमच होत नाही. मग आतील बाष्प आणि न जळलेले पेट्रोल वंगणात उतरते, त्याचा राब होतो आणि इंजिन आतून झिजते. नदीच्या थेट पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाने साधारण 60 ते 70 अंश सेल्सियसच्या आसपास राहावे, हे इष्ट असते. समुद्रात चालणाऱ्या बोटीला त्याहून वर जाऊ न देण्याचे आणखी एक कारण आहे. खारे पाणी जास्त तापले की त्यातील क्षार इंजिनाच्या भिंतींवर थरांनी बसतात, आणि किटलीच्या तळासारखा तो थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुण्याचा नियम त्यासाठीच आहे.

मात्र हे धुणेही एका ठरावीक क्रमाने करावे लागते. बोट जमिनीवर असताना बागेची नळी इंजिनाला जोडून ते चालवून पाहिले जाते. येथे आधी इंजिन सुरू करावे आणि लगेच पाणी सोडावे. शेवटी आधी पाणी बंद करावे आणि मग लगेच इंजिन. उलट केले तर बंद इंजिनात शिरलेले पाणी धुराड्यात साचते, तेथून मागे सरकून सिलिंडरांत उतरते, आणि पाणी दाबले जात नसल्याने पुढच्या वेळी इंजिन फिरवताना आतले पोलादी दांडे वाकतात. दुरुस्तीच्या दिवशीच बोट कायमची निकामी होण्याचे हे एक सामान्य कारण आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी कप्प्यातील वाफा पंख्याने बाहेर काढणे, हा नियम तर कधीच मोडू नये.

आता त्या कल्पित बोटीकडे परत वळू. तिचा ताप संथ चालीत चढत होता आणि वेगात उतरत होता. तारा ठीक होत्या, दोन्ही बाजू सारख्याच गरम होत्या, बोटीचा वेग पूर्वीसारखाच होता. म्हणजे पंप झिजला नव्हता, एका बाजूची वाट तुंबली नव्हती, काटाही खोटा नव्हता. दोष पंपाच्या छिद्रापासून इंजिनाच्या दारापर्यंतच्या सामाईक वाटेवर होता. अशा वेळी सर्वांत उपयुक्त हत्यार म्हणजे एक बादली. बोट धक्क्याला घट्ट बांधावी, इंजिनाच्या दाराशी नळी सोडवून बादलीत धरावी, कोणीतरी इंजिन एक मिनिटच संथ चालवावे आणि पाणी मोजावे. मग हीच परीक्षा गाळणीच्या अलीकडे घ्यावी, मग पंपाच्या छिद्रापाशी. ज्या दोन जागांच्या मध्ये पाणी घटते, त्यांच्यामध्येच चोर आहे. या बोटीत पंपाशी पाणी भरपूर होते आणि गाळणीशी फक्त बारीक धार. मधे होती ती एक हातभर लांब रबरी नळी, बाहेरून तुकतुकीत आणि निर्दोष. ती कापून पाहिल्यावर आतील अस्तर एका जागी सुटून जिभेसारखे लोंबत असलेले आढळले. क्षीण प्रवाहात ती जीभ वाट अडवीत होती, जोराच्या प्रवाहात भिंतीला चिकटून बाजूला होत होती. नवे थर्मोस्टॅट, नवा मापक, नवा पंप, या सर्वांच्या जागी एका नळीने काम झाले असते.

याच बोटीच्या मालकाने दुसरा एक उपाय केला असता तर परिणाम भयंकर झाला असता. संथ चालीत पाणी कमी पडते म्हणून दाब आवरणारी झडप त्याने पूर्ण उघडली असती, तर धक्क्यापाशी ताप कदाचित उतरलाही असता. परंतु भर वेगात पंचवीसपट दाबाने एखादे गॅस्केट किंवा जोड फाटला असता, आणि कढत पाणी इंजिनाच्या कप्प्यात उसळले असते, तेही नेमके खळाळात, कारण पूर्ण वेग तेथेच लागतो. लक्षण दाबून टाकणारे उपाय पुष्कळदा असेच फसवतात.

भर नदीत ताप चढला तर काय करावे, हे शेवटी सांगितले पाहिजे. खळाळाच्या मध्यावर असताना घाबरून इंजिन बंद करू नये, कारण धार हीच दिशा आहे. शक्य तितक्या लवकर प्रवाहाच्या कडेचे शांत पाणी गाठावे आणि मग वेग उतरवावा. बाहेर पाणी पडत असेल तर इंजिन थोडा वेळ संथ चालू ठेवून आतील उष्णता समान होऊ द्यावी. पाणी पडत नसेल तर ताबडतोब बंद करावे. बंद केल्यावर वाट पाहावी. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी ओतले तर ते तडकते. बंदिस्त पद्धतीच्या टाकीचे झाकण गरम असताना उघडले तर आतली वाफ तोंडावर येते. थंड होण्यासाठी लागणारा तासभर हा वाया गेलेला वेळ नसून जाळी, गाळणी आणि नळ्या शांतपणे तपासण्याचा वेळ आहे. आणि अपुरी पाहणी करून, “चला, उतरला ताप,” असे म्हणत पुन्हा त्याच खळाळात शिरणे हे धैर्य नव्हे.

1977 च्या मोहिमेत गंगेच्या प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या बोटींकडे पाहून काठावरच्या लोकांना चमत्कार वाटला असेल. त्यात चमत्कार नव्हता. वेगाच्या मागे यंत्र होते, आणि यंत्राच्या मागे जाळी, गाळणी, नळी, झडप यांच्याकडे रोज लक्ष देणारी माणसे होती. जुन्या बोटीला नवे भाग सहसा मिळत नाहीत, आणि मिळाले तरी परवडत नाहीत. तिच्या मालकाचे खरे भांडवल म्हणजे योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारण्याची सवय. काटा खरा का, ताप केव्हा, ताप कोठे, आणि पाणी कोणत्या दोन जागांच्या मध्ये घटते, या चार प्रश्नांची उत्तरे जो चालक धक्क्यावरच शोधतो, त्याला ती खळाळाच्या मध्यावर शोधावी लागत नाहीत.